आक्काची गाठ कागदावर नव्हती

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात आरोग्याच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, "तुम्ही वकील का हो?" नाही. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. गेली वीसएक वर्षं मी आपल्या सल्ला केंद्रात बसते. मार खाऊन आलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई समोर बसली, तिचं रडणं थोडं थांबलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कागद काय काय आहेत, बाई?" लग्नपत्रिका, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी. कागदाशिवाय कोर्ट आपलं ऐकत नाही, हे मी शेकडो बायकांना शिकवलं.

हाच प्रश्न मी माझ्या सख्ख्या बहिणीला वेळेवर विचारला नाही. म्हणून आज या विषयावर मी बोलणार असं मीच सांगितलं.

आमची आक्का. वय एकेचाळीस. जून २०१६ मध्ये अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. पंधरा दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. आपण सगळ्या असंच करतो. मग तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं नाही, लांबूनच म्हणाले, "दुधाची गाठ असेल, या वयात होतात." ताकदीच्या गोळ्या दिल्या. अकरा महिन्यांत ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी डॉक्टर दाजींना म्हणाले, "यांना टेन्शन फार आहे." मे २०१७ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीला हात लावून पाहिला आणि त्याच दिवशी तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर काखेत आणि हाडात गेलेला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आक्का गेली.

ऑगस्टमध्ये मी तिची पिशवी घेऊन वकिलांकडे गेले. चार भेटींपैकी दोन भेटींची चिठ्ठीच नव्हती. एका चिठ्ठीवर नुसती गोळ्यांची नावं. चौथीवर तक्रार म्हणून एकच शब्द होता, अशक्तपणा. वकील बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, निदान झाल्यापासून दोन वर्षं मे महिन्यात संपली. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला कारण दाखवावं लागतं. आणि दुसरी, "अहो, यात गाठ कुठं आहे?" आक्काच्या अंगावर अकरा महिने गाठ होती, पण कागदावर ती कधी आलीच नाही. आम्ही दावा केला नाही.

आज मी जे सांगणार आहे, ते आम्हाला २०१६ साली माहीत असायला हवं होतं.

डॉक्टरची प्रत्येक चूक हा गुन्हा नाही

आधी कडू गोष्ट. निदान चुकलं म्हणजे लगेच डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही, आणि ते बरोबरही आहे. काही आजार सुरुवातीला ओळखूच येत नाहीत. कायदा विचारतो ते वेगळं. तेवढंच शिक्षण असलेला, नेहमीची काळजी घेणारा दुसरा डॉक्टर त्या जागी असता, तर त्यानं काय केलं असतं? त्यानं हातानं तपासलं असतं का? रक्त, लघवी, सोनोग्राफी सांगितली असती का? आपल्याला जमत नाही म्हणून पुढं पाठवलं असतं का? हे जर कुठल्याही काळजीवाहू डॉक्टरनं केलं असतं आणि इथं झालं नाही, तर तो निष्काळजीपणा.

त्याच्या पुढचा प्रश्न आणखी अवघड असतो. वेळेत निदान झालं असतं, तर या बाईचं नुकसान टळलं असतं का, कमी झालं असतं का? हे आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून नंतरच्या डॉक्टरांचे कागद आधीच्या कागदांइतकेच मोलाचे आहेत. आजार कुठल्या पायरीवर होता, किती दिवसांचा दिसत होता, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं.

दोन उदाहरणं सांगते. २००२ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात एका माणसानं थंडीतापानं फणफणलेली बायको खासगी रुग्णालयात दाखल केली. तिच्यावर विषमज्वराचे उपचार झाले, होता मलेरिया. ती गेली. जिल्हा ग्राहक मंचानं दोन लाखांची भरपाई दिली, वरच्या आयोगांनी ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ती परत दिली आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. प्रत्येक खटल्यात तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष लागतेच असं नाही. जिथं चूक उघड दिसते, तिथं ती चूकच बोलते. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध सहसा बोलत नाही, त्यामुळे आपल्यासाठी हा निकाल मोठा आधार आहे.

दुसरं भोपाळचं, २००९ सालचं. तिथं निदान डेंग्यूचं झालं होतं, ते बरोबरही होतं. पण बाईंकडे दिवसभर जसं लक्ष ठेवायला हवं होतं तसं ठेवलं नाही, आणि त्याच संध्याकाळी त्या गेल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंधरा लाख रुपये भरपाई दिली. बाई नोकरी करत नव्हत्या. तरी घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल असतं, हे भरपाई ठरवताना न्यायालयानं धरलं. "ती काय, घरीच असायची" असं कुणी म्हणालं, तर हा निकाल सांगा.

दारं कुठली कुठली

पहिलं दार ग्राहक आयोगाचं. पूर्वी आपण ग्राहक मंच म्हणायचो. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं की येऊ नये. विमा कंपनीनं बिल भरलं असलं तरी ती पैशांचीच सेवा. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांवर मोफत उपचार करतात, तिथं मोफत उपचार घेणारी बाईसुद्धा ग्राहक ठरते. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे, त्यातही हे कायम आहे.

या कायद्यातल्या दोन सोयी आपल्यासाठी फार कामाच्या आहेत. तक्रार तुम्ही जिथं राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे उपचार सासरच्या गावी झाले आणि आज तुम्ही माहेरी राहत असाल, तर माहेरच्या जिल्ह्यात तक्रार चालते. आणि दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. हे सगळं लवकर आटोपतं असं मात्र समजू नका. कायद्यात महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात.

दुसरं दार वैद्यक परिषदेचं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करायची. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. परिषद पैसे मिळवून देत नाही. ती ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते, काढूनही टाकू शकते. "मला पैसे नकोत, पुढच्या बाईचं असं होऊ नये," असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दार ठोठवावं. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

इथं जाताजाता एक सांगते. दवाखान्याच्या पाटीवरची पदवी वाचत जा. होमिओपॅथीच्या एका डॉक्टरनं एका माणसाला आधी साधा ताप म्हणून आणि मग विषमज्वर म्हणून ॲलोपॅथीची औषधं दिली. तो गेला. त्याची बायको लढली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जे शास्त्र शिकला नाहीस त्याचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा. नंतर आपल्या राज्यात होमिओपॅथांसाठी कायद्यात काही बदल झाले आहेत. तरी समोरचा माणूस काय शिकला आहे, हे विचारायचा आपला हक्क आहे.

तिसरं दार पोलीस ठाण्याचं. लोक आधी तिथंच जातात आणि निराश होऊन परत येतात. मृत्यू झाला तर पूर्वी ३०४-अ कलम लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यावं. त्यामुळे हे दार क्वचित उघडतं. मृत्यूचं कारणच संशयाचं असेल तर मात्र शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. मला कळतं, आपल्या माणसाची चिरफाड नको वाटते. पण खरा आजार कुठला होता, हे सांगणारा तो शेवटचा कागद असतो.

आणि हात उगारू नका, काच फोडू नका. २०१० पासून आपल्या राज्यात रुग्णालयाच्या मोडतोडीसाठी वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आपलं माणूस जातं, आणि आरोपीही आपणच होतो.

सरकारी दवाखान्याचं काय?

आपल्यातल्या बहुतेकींचा दवाखाना सरकारी. जिथं सगळ्यांनाच सगळं मोफत आहे, तिथं ग्राहक कायदा लागू होत नाही. म्हणून सरकार सुटतं असं नाही.

१९६३ साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग पोट दुखू लागलं, ताप चढला. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयात सरकार सुटलं, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरलं. निकालाचं नाव लिहून घ्या: अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तेहतीस वर्षं लागली. हा आकडा मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या घरानं तेहतीस वर्षं सोडलं नाही, म्हणून आज आपण हा निकाल दाखवू शकतो.

दुसरा चेन्नईचा. १९९६ मध्ये सरकारी रुग्णालयात एक मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली. अशा बाळांचे डोळे वेळेत तपासावे लागतात. ते कुणी केलं नाही, आईबापांना सांगितलंही नाही. मुलगी आंधळी झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १ कोटी ३८ लाख रुपये दिले आणि झालेल्या खर्चापोटी ४२ लाखांहून जास्त वेगळे. तपासणी न करणं हेसुद्धा नुकसान करणंच असतं, हे या निकालानं दाखवलं.

सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. उच्च न्यायालयात रिट करता येतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माहितीच्या अधिकारात कागद मागता येतात.

अंगावर काढणं

आता मुदतीबद्दल. ग्राहक आयोगात दोन वर्षं. कुठून मोजायची? नुकसान कळलं तिथून मोजतात, पण ते कळायला हवं होतं कधी, हेही कोर्ट पाहतं. एक नर्स होती. १९९३ मध्ये तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. नंतर नऊ वर्षं पोट दुखत राहिलं, ती गोळ्या घेत राहिली. २००२ मध्ये कळलं की आत कापसाची घडी राहिली आहे. तक्रार २००४ मध्ये केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उशीर झाला. तू नर्स आहेस, इतकी वर्षं दुखत असताना डॉक्टरला विचारायला हवं होतंस.

मैत्रिणींनो, हा निकाल वाचून मला राग आला. आजारपण अंगावर काढायला आपल्याला आयुष्यभर शिकवतात. पोरांचं आधी, सासूचं आधी, आपलं मागून. आणि कोर्टात तेच अंगावर काढणं आपल्याच विरुद्ध मोजलं जातं. राग आला तरी लक्षात ठेवायचं ते हे: शंका आली त्या दिवसापासून घड्याळ चालू झालं असं धरा. दुखवट्याच्या दिवसातही ते थांबत नाही. आमचं तसंच झालं.

पिठाच्या डब्यातले कागद

मागच्या वर्षी केंद्रात एक सासू-सून आल्या. उसाच्या तोडणीवर जाणारं घर. सुनेच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन दोनदा घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री ती बेशुद्ध पडली. दुसऱ्या रुग्णालयात कळलं, गर्भ नळीत होता आणि नळी फुटली होती. पोरगी वाचली, नळी काढावी लागली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. सासूनं पिशवीतून पिठाचा डबा काढला. दोन्ही चिठ्ठ्या, औषधाची बिलं, डिस्चार्ज कार्ड, सगळं घडी घालून त्यात ठेवलेलं. पहिल्या चिठ्ठीवर डॉक्टरच्याच अक्षरात होतं: पाळी दोन महिने चुकली, पोटात दुखतं. खाली नुसती औषधं. लघवीची साधी तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. त्या चिठ्ठीला साक्षीदार लागत नाही. तक्रार दाखल झाली आहे, निकाल यायचा आहे. जिंकेल की नाही मी सांगू शकत नाही. पण आक्काच्या पिशवीत जे नव्हतं ते या डब्यात होतं. सासूला लिहिता-वाचता येत नाही. मी विचारलं, "मावशी, हे कसं सुचलं?" म्हणाल्या, "पैसे दिले त्याचा कागद ठेवावा, एवढं कळतं."

तेवढं आपल्या सगळ्यांना कळायला हवं. आमच्या केंद्रानं आता काही रिवाज पाडले आहेत, तुम्हीही पाडा.

गाठ, न थांबणारा रक्तस्राव, पाळी चुकून पोटदुखी, महिनाभराचा ताप किंवा खोकला अशी तक्रार असेल तर बाईबरोबर दुसरी बाई जाते. ती डॉक्टरांना नम्रपणे म्हणते, "साहेब, यांची तक्रार चिठ्ठीवर लिहा. गाठ कुठं आहे, कधीपासून आहे, तेही लिहा." तपासणी नको म्हणाले, तर का नको ते लिहायला सांगते. चिठ्ठी देतच नाहीत तिथं परत जायचं नाही. दोन भेटींत फरक नाही पडला, तर तिसरी भेट दुसऱ्या डॉक्टरची. आधी इलाज मिळवायचा, दावा नंतर. आक्काला चौथ्या भेटीऐवजी दुसरा डॉक्टर मिळाला असता, तर कदाचित मला हे भाषण करावं लागलं नसतं.

रुग्णालयात राहिलेल्या रुग्णाचे पूर्ण केस पेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. ते तीन वर्षं जपून ठेवायचेही असतात. मुंबई उच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये सांगितलं आहे की हे कागद गुप्त म्हणून अडवून ठेवता येत नाहीत. मागणी लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या. दिले नाहीत तर ती पोचच पुढं पुरावा होते. कागद बाईच्या नावानं मागा आणि बाईच्याच हातात ठेवा. आक्काची फाईल दाजींच्या कपाटात होती. ती मागायला मला सहा महिने धीर झाला नाही.

आणि वकिलाचे पैसे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न पाहत नाहीत, नवऱ्याचं तर नाहीच. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तो फळ्यावर लिहून ठेवला आहे.

सगळे डॉक्टर वाईट नसतात. आक्काच्या गाठीला पहिल्यांदा हात लावणारेही डॉक्टरच होते, आणि ज्या डॉक्टरबाईंनी मला केस पेपर वाचायला शिकवले, त्याही डॉक्टरच. भांडण आहे ते बाईचं बोलणं न ऐकण्याशी. "टेन्शन आहे", "वयाचं आहे", "अशक्तपणा आहे" या तीन शब्दांखाली किती आजार पुरले गेले असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही. आपण तो लिहायला सुरुवात करू.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी कागद घेऊन या. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनीही या. कुठल्या तारखेला, कुठल्या दवाखान्यात, काय सांगितलं आणि काय ऐकून घेतलं नाही, ते आठवतंय तोवर आजच लिहून काढू.